जुनी गाडी: रिबिल्ट पार्ट, नवा पार्ट की भंगारातला ओरिजिनल?

चौथागिअर

नमस्कार मंडळी. गाडी १९९७ची, पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली, पुढच्या चाकांना ड्राइव्ह. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. "विकून टाक" हा सल्ला घरात रोज मिळतो, त्यामुळे इथे तो नको.

मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा पार्ट, गेल्या वर्षी गेला. गॅरेजवाल्याने तो एक्सचेंजमध्ये देऊन रिबिल्ट, म्हणजे जुनाच खोलून दुरुस्त केलेला, आणला. काही महिन्यांत डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटायला लागला, हेडलाइट लावले की जरा जास्त. गॅरंटीत बदलून मिळाला. आता दुसराही त्याच वाटेने चाललाय. गॅरेजवाला म्हणतो, रिबिल्ट माल असलाच असतो, नवीन घ्या. नवीन म्हणजे मूळ कंपनीचा नव्हे, तो येतच नाही. कधी न ऐकलेल्या नावाचा चकचकीत डबा. तिसरा पर्याय म्हणजे भंगारात गेलेल्या गाडीचा ओरिजिनल काढून आणणं.

यादी इथेच संपत नाही. इंजिन गरम असताना स्टार्टर आळसावतो, थंड असताना ठणठणीत. सिग्नलला ब्रेक दाबून उभा राहिलो की पेडल हळूहळू खाली जातं, पण ऑइल कुठे गळताना दिसत नाही. आणि स्टीअरिंग पूर्ण कापून वळताना पुढून कट-कट-कट.

सगळ्यांसाठी एकच धोरण ठरवायचंय. रिबिल्ट, नवा, की भंगारातला?

टॉपगिअर

यात विचार काय करायचा? नवीन टाका आणि मोकळे व्हा. रिबिल्ट म्हणजे जुन्यावर चांदीचा रंग मारून दिलेला माल. दोनदा अनुभव आला ना?

आर्मेचर

चौथागिअर, माझा उभा जन्म स्टार्टर-अल्टरनेटर दुरुस्तीच्या बाकावर गेलाय, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा लांबण लावतो. घाई असेल त्यांनी पुढे सरकावं.

तुम्ही विचारताय की कुठला पार्ट घ्यावा. मी आधी विचारेन की जुना कशाने मेला. एकाच जागी ओळीने तीन अल्टरनेटर जातात तेव्हा तिन्ही वाईट निघाले असं सहसा नसतं. गाडीत कोणीतरी त्यांना मारतंय. तो मारेकरी न शोधता चौथा आणलात, मग तो रिबिल्ट असो नाहीतर सोन्याचा, तोही जाणार. नळ गळतोय म्हणून बादल्या बदलत बसण्यासारखं आहे हे.

अल्टरनेटर मरायच्या वाटा मोजक्याच आहेत. पट्टा वाजवीपेक्षा जास्त ताणला की पुढचं बेअरिंग जातं. बॅटरीचा एखादा सेल बसलाय म्हणजे बॅटरी कधी भरतच नाही. मग अल्टरनेटर सकाळ-संध्याकाळ पूर्ण जोर लावत राहतो, तापतो आणि आधी डायोड जातात, म्हणजे आतली एसी वीज बॅटरीला चालणारी डीसी करणारे तुकडे. मागे मोठ्या वायरचा नट सैल असेल तर तिथे ठिणगी पडून बूड जळतं. आणि चौथी वाट, जी बाकावर मला सगळ्यात जास्त दिसली: वरून इंजिन ऑइल ठिबकणं. अल्टरनेटरमध्ये दोन कार्बन ब्रश दोन तांब्याच्या रिंगांवर घासत असतात. ब्रशची झिजलेली काळी पूड एरवी वाऱ्याने उडून जाते. तिच्यात ऑइल मिसळलं की चिखल होतो, ब्रश आपल्या खाचेत चिकटतो, रिंगवर नीट टेकत नाही, आणि चार्जिंग कधी आहे तर कधी नाही अशी अवस्था येते. वरून बघणाऱ्याला वाटतं पार्ट खराब निघाला. उघडून बघितलं तर वायंडिंग शाबूत, डायोड शाबूत, फक्त ब्रशच्या जागी गाळ.

तुमच्या दिव्याबद्दलही सांगतो, कारण त्याला फार कोणी समजून घेत नाही. त्या दिव्याचं एक टोक बॅटरीकडे आणि दुसरं अल्टरनेटरच्या आतल्या वेगळ्या जोडणीकडे असतं. दोन्हीकडे सारखे व्होल्ट असले की दिवा विझतो. अल्टरनेटर पूर्ण मेला की लख्ख पेटतो. तुमचा मंद पेटतोय, म्हणजे दोन टोकांत थोडासाच फरक आहे. अल्टरनेटर लंगडतोय किंवा मधल्या वायरीत व्होल्ट सांडतायत.

तेव्हा साधा मल्टिमीटर घ्या आणि एवढं करा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग इंजिन चालू करून जरा रेस देऊन बघा, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही फार खाली यायला नको. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर टाकून तेच दोन पॉइंट बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी आला तर डायोड गेलाय असं समजा.

आता स्टार्टरसाठी. मीटर डीसीवर. एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लँपवर नव्हे. दुसरी सळई इंजिनच्या ब्लॉकवर घासून उघड्या केलेल्या लोखंडावर. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, इंजिन गरम असताना. आकडा ०.२ च्या आत हवा.

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. तुमच्या गाडीची क्लच केबल किंवा अ‍ॅक्सिलरेटर केबल वारंवार जाते का?

किल्लीकाका

आर्मेचर आले म्हणजे आता धागा चालणार. ब्रेकबद्दल मी नंतर लिहितो, पण तोवर ती गाडी गर्दीत चालवू नका. पेडल खाली जाणं ही 'बघू पुढच्या महिन्यात'वाली गोष्ट नाही.

चौथागिअर

सगळं मोजलं.

रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.५. चालू असताना १३.९, पण हेडलाइट लावल्यावर आकडा नाचतो, १३.१ पर्यंत येतो, परत चढतो. एसी नगण्य. इंजिनच्या हेडवरच्या झाकणाची कड ओली आहे आणि ती ओल बरोबर अल्टरनेटरच्या मागच्या तोंडावर उतरते. हात लावला तर बोटं काळीकुट्ट. हे मी आधीही बघितलं होतं, पण जुनी गाडी आहे, थोडं ओलं असणारच, असं गॅरेजमध्ये सांगत होते.

ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह, गरम इंजिनवर स्टार्टर मारताना: १.१ व्होल्ट.

आणि हो, क्लच केबल सारखी जाते. प्रत्येक वेळी आतली तार कडक होऊन, प्लॅस्टिकचं अस्तर वितळल्यासारखं होऊन. तुम्हाला कसं कळलं?

आर्मेचर

कळायला काही जादू नाही. बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं आणि बॉडी व इंजिन यांच्यात एक वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, रबरातून करंट जात नाही, म्हणून ही पट्टी. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो आणि तो सगळा करंट या पट्टीतूनच परत जायला हवा. पट्टी गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स यांना जोडणारं दुसरं लोखंड कुठलं? क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, चोकची केबल. त्या बिचाऱ्या शेगडीच्या तारेसारख्या तापतात. तुम्ही केबलवर केबल बदलत होतात, दोष पट्टीचा होता.

स्टार्टरचं आळसावणंही तिथलंच. १.१ व्होल्ट वाटेत सांडतायत. थंड असताना कसंबसं भागतं. गरम झाल्यावर पट्टीचा रोधही वाढतो आणि स्टार्टरच्या आतल्या तांब्याचाही. आधी पट्टी बदला, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळल्यावर वरून थोडं ग्रीस लावा. मग परत मोजा. माझा अंदाज असा की तुमच्या स्टार्टरला हातही लावावा लागणार नाही. गॅरेजने त्याचाही रिबिल्ट आणायचा बेत केला असेल तर थांबवा.

अल्टरनेटरचा मारेकरी तर तुम्हीच पकडलात. हेडच्या झाकणाची पॅकिंग बदला. बदलताना झाकणाची कड सपाट आहे का बघा. पत्र्याचं झाकण असेल तर जास्त आवळून बोल्टच्या भोवती ते खड्ड्यासारखं बसलेलं असतं, मग नवी पॅकिंगही गळते. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करतात. आणि ब्रीदरची नळी तुंबलेली नाही ना बघा. ती तुंबली की इंजिनच्या पोटातला दाब पॅकिंग फोडून बाहेर येतो आणि तुम्ही पॅकिंगला शिव्या देता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, रिबिल्ट की नवा.

तुमचा मूळ अल्टरनेटर एक्सचेंजमध्ये गेला, याचं मला वाईट वाटतं. एक्सचेंज म्हणजे तुमचा जुना सांगाडा जमा करायचा आणि कोणाचा तरी दुसरा सांगाडा, आत काय बदललंय कळत नाही असा, घरी आणायचा. तो किती वेळा बाकावर येऊन गेलाय कोणाला माहीत. मी सांगाडे पाहिलेत ज्यांची पुढची आणि मागची झाकणं दोन वेगळ्या अल्टरनेटरची होती. बेअरिंगची खाच इतकी घासलेली की नवं बेअरिंग बाहेरच्या कड्यासकट खाचेत फिरायचं. मग कोणीतरी पंचने चार टोके मारून ते अडकवलेलं. वरून रंग मस्त. टॉपगिअर म्हणतात तो चांदीचा रंग हाच.

म्हणून माझा आग्रह असा: आपला पार्ट आपणच दुरुस्त करून घ्यावा आणि तोच परत बसवावा. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असतो. अल्टरनेटरमध्ये झिजतं काय? दोन बेअरिंग, दोन ब्रश, रिंगा. कधी डायोड प्लेट, कधी व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर. बेअरिंगवर नंबर लिहिलेला असतो, ६३०३, ६२०२ असा, आणि तो नंबर जगभर एकच. ६३०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४७, रुंदी १४. गाडी कुठलीही असो. मॉडेल बंद पडलं म्हणून बेअरिंग बंद पडत नाही. नामांकित कंपनीचं, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या. ब्रशही नेमक्या मापाचे नसतील तर थोडे मोठे घेऊन घासून बसवता येतात, ते अगदी नेहमीचं काम आहे. जुन्या अल्टरनेटरचा रोटर आणि स्टेटर, म्हणजे तांबं आणि लोखंड, हे शाबूत असेल तर तो सांगाडा आजच्या कुठल्याही डब्यातल्या मालापेक्षा मला जास्त आवडतो.

दुरुस्त करणाऱ्याला काय विचारायचं ते सांगतो. रिंगा लेथवर साफ केल्या का? नसतील तर नवे ब्रश जुन्या खाचांवर धावतील आणि लवकर खपतील. टेस्ट कशी केली? बहुतेक जण थंड अल्टरनेटर फिरवून १४ व्होल्ट दाखवतात आणि द्या टाळी. त्याला काही अर्थ नाही. लोड लावून, निदान तीसेक अँपिअर ओढून, केस हाताला चटका बसेल इतकी तापेपर्यंत चालवून मग आकडा बघायचा. डायोड आणि रेग्युलेटर गरम झाल्यावरच आपला खरा रंग दाखवतात. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर उठून या.

तुमच्या आत्ताच्या रिबिल्टचं म्हणाल तर तो लगेच फेकू नका. ऑइल थांबल्यावर तो उघडून ब्रशची जागा धुऊन घ्या, स्प्रिंग सरकतायत का बघा. एसी येत नाही म्हणजे डायोड बरे आहेत. तो नीट चालायची शक्यता भरपूर आहे.

टॉपगिअर

सगळं बरोबर असेल साहेब, पण एवढा वेळ आहे कोणाला? मल्टिमीटर, लेथ, लोड टेस्ट. नवा पार्ट बसवला की तासाभरात गाडी रस्त्यावर.

आर्मेचर

तासाभरात रस्त्यावर आणि काही महिन्यांत परत त्याच तासासाठी गॅरेजमध्ये. त्यांचे दोन तास असेच गेलेत.

नव्याला माझा विरोध नाही हो. वॉटर पंप मी नेहमी नवाच घेतो. त्याचं सील आणि बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, उघडायला जाण्यात राम नाही. थर्मोस्टॅट नवा, टायमिंग बेल्ट नवा, आणि बेल्ट तर डब्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेलाही नको, कारण रबर डब्यातही म्हातारं होतं. ज्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो तिथे बेल्टवर काटकसर करणाऱ्याने पुढे हेडचं काम करायची तयारी ठेवावी.

ओडोमीटर

रिबिल्टला इतकं कमी लेखू नका, लोकहो. मोठ्या कंपन्या हे कधीपासून करतायत. फोक्सवॅगनने १९४७ साली एक्सचेंज पार्ट द्यायला सुरुवात केली, आणि १९५८ मध्ये त्यांच्या कासेलच्या कारखान्याचं कामच जुनी इंजिनं नव्यासारखी करण्यापासून सुरू झालं. रेनॉच्या शोआझी-ल-रोआच्या कारखान्यात १९४९पासून हेच चालायचं. फरक इतकाच की तिथे पार्ट पूर्ण सुटा करतात, धुतात, झिजणारं सगळं सरसकट बदलतात आणि मूळ मापाला तपासून पाठवतात. कोपऱ्यावरचा माणूस जे बिघडलंय तेवढंच बदलतो. दोन्हीला आपण रिबिल्टच म्हणतो आणि मग भांडतो.

आणि गाडी किती चालते याची हद्द बघायची असेल तर अर्व गॉर्डन. अमेरिकेतला शाळामास्तर, १९६६ची व्होल्वो पी १८००, २०१३ मध्ये तीस लाख मैल पार. म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर. टॉपगिअर, आता बोला.

टॉपगिअर

तो रोज चालवायचा. चौथागिअरची गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघत असेल.

आर्मेचर

हा मुद्दा मात्र टॉपगिअरचा शंभर टक्के मान्य. उभी गाडी लवकर मरते. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये एकाच जागी रबर टेकून राहतं आणि त्याच्या पुढे-मागे गंज धरतो, ऑइल सीलचे ओठ सुकतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उडून जाऊन चिकट थर उरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर त्याला ओलावा आणखी लवकर लागतो आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्रॅम त्याने फुगतात. जुन्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या टाकून घेणं हा पार्ट बदलण्याचा सगळ्यात शहाणा खर्च. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकण्यापेक्षा दुसरं भीतिदायक काही नाही.

किल्लीकाका

आता ब्रेक.

पेडल हळू खाली जातंय, बाहेर गळती नाही, ऑइलची पातळी तीच. याचा अर्थ मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, आत रबरी कपाच्या कडेवरून ऑइल मागे निसटतंय. तरी एकदा मागच्या चाकांचे ड्रम काढून व्हील सिलिंडरचं धुळीचं रबर उचलून बघा. गळती तिथे आतच साठते आणि बाहेरून ठिपकाही दिसत नाही.

मास्टर सिलिंडरचं रबर किट मिळतं. ते चालतं का, तर सिलिंडरचं भोक आतून आरशासारखं असेल तरच. टॉर्चच्या उजेडात बघा, नखाला खाच लागली तर किट वाया. जुन्या ओतीव लोखंडी सिलिंडरला पूर्वी होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत, करून घ्यायचो. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला ते करू नये. आत जो कडक ऑक्साइडचा थर असतो तोच निघून जातो आणि नवे कप पटकन खाल्ले जातात. स्टीलचं स्लीव्ह घालून देणारे कारागीर आहेत, ते काम उत्तम, पण माणूस तसा हवा. तुमच्या मॉडेलचा नवा मास्टर सिलिंडर ओळखीच्या ब्रेक-कंपनीचा मिळत असेल तर तोच घ्या. भंगारातला मास्टर सिलिंडर कधीच नाही. तो किती वर्षं कोरडा पडला होता कोणाला ठाऊक?

आर्मेचर 'आपला पार्ट आपणच रिबिल्ट करा' म्हणतात ते ब्रेकच्या बाबतीत सगळीकडे लागू होत नाही, पण कॅलिपरला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीला, मात्र अगदी लागू होतं. तिथे पिस्टनला गंजाचे डाग नसले की चौकोनी छेदाचं सील आणि धुळीचं रबर बदललं की काम झालं. ते सीलच ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढतं. म्हातारं झालं की ओढत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक गरम होतं.

एक गोष्ट जी गॅरेजमध्ये रोज चुकते. ब्रेकमधली हवा काढताना जुन्या गाडीत पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात पिस्टन अर्ध्या वाटेपर्यंतच जातो, त्याच्या पुढच्या भागात गाळ आणि गंज बसलेला असतो. एकदा पूर्ण दाबलात की कपाची कड त्या गंजावरून ओढली जाते आणि काल बरा असलेला मास्टर सिलिंडर आज गळायला लागतो. पेडलच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. आणि धुवायला फक्त ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइलचा हात त्या रबराला लागता कामा नये, ते फुगतं. डॉट ३ किंवा डॉट ४, झाकणावर लिहिलं असेल ते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

चौथागिअर

किल्लीकाका, ड्रम काढले, मागे कोरडं आहे. म्हणजे मास्टर सिलिंडरच. नवा मिळतोय, नाव ओळखीचं आहे.

पट्टी बदलली. आकडा ०.१ वर आला आणि गरम इंजिनवरही स्टार्टर एका दमात फिरतो. गॅरेजवाल्याला मीटर दाखवला तर म्हणाला, तसंही पट्टी बदलायचीच होती.

हेडच्या झाकणाची पॅकिंग बदलली. ब्रीदरची नळी खरंच तुंबलेली होती, काळ्या मेणासारखा गोळा निघाला. अल्टरनेटर उघडून ब्रशची जागा धुतली. आता हेडलाइट लावूनही १४.१ वर स्थिर, दिवा विझलाय.

उरलं ते कट-कट.

रबरीबूट

ते माझ्या वाट्याचं. वळताना कट-कट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा, ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा. त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस उडालं आणि माती आत गेली. बूट नुकता फाटला असेल आणि आवाज नसेल तर जॉइंट धुऊन, मोलिब्डेनमवालं काळं ग्रीस भरून, नवा बूट लावला की गाडी पुढे बरीच वर्षं चालते. आवाज यायला लागला म्हणजे गोळ्यांच्या वाटांवर खड्डे पडलेत. तिथे ग्रीस भरून आवाज तेवढा दबतो.

इथे मी भंगारातल्या ओरिजिनलच्या बाजूने. अट एकच: बूट शाबूत असलेला शाफ्ट शोधायचा आणि तरी बूट उघडून आत बघायचं. रिबिल्ट जॉइंटमध्ये वाटा ग्राइंड करून मोठ्या मापाच्या गोळ्या घालतात. नीट केलं तर चालतं, पण वरचा कडक थर ग्राइंडिंगमध्ये किती उडाला हे बाहेरून कळत नाही. स्वस्तातले नवे शाफ्ट घेतले तर कधी कधी सरळ रस्त्यावरच गाडी थरथरते. शाफ्ट बसवताना मधला मोठा नट नवाच टाका.

आणि शाफ्टसाठी चाकाला धरणारा खालचा आर्म सोडाल तेव्हा त्याच्या सांध्यातले रबरी बुशही बघा. रबर तडकलं असेल तर बदला, पण बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावर. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर बुश त्या लटकलेल्या स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग दोन-चार महिन्यांत फाटतं आणि लोक म्हणतात, हल्लीचं रबरच वाईट.

आर्मेचर

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पुन्हा तेच बघा, पार्ट बदनाम आणि मारेकरी मोकळा.

चौथागिअर

शाफ्ट शोधतोय. मास्टर सिलिंडर आला, उद्या बसवणार. किल्लीकाका, नवा सिलिंडर कोरडाच बसवून मग चाकांकडून हवा काढायची का? ठोकळा ठेवीनच.

किल्लीकाका

कोरडा बसवू नका, आतली हवा काढता काढता घाम फुटेल. वाइसमध्ये आडवा धरा, पण कानाला धरा, पोटाला नको. बाहेर जाणाऱ्या भोकांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं वरच्या टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. मग बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दाबा आणि सावकाश सोडा, बुडबुडे बंद होईपर्यंत. सिलिंडर नवा आहे म्हणून इथे पूर्ण दाबलात तरी चालेल. बसवल्यावर पुशरॉडला, म्हणजे पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला, किंचित मोकळीक आहे का बघा. नसेल तर कप मूळ जागी परत येत नाही, परतीचं भोक झाकलं जातं आणि गाडी चालता चालता ब्रेक आपोआप धरायला लागतात. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.